पारा उणे, गाडी ठप्प!

कडाक्याच्या थंडीत मोटार सुरू का होत नाही, आणि ती सुरू करण्यासाठी जगभर काय केले जाते?

जानेवारीत लेहमध्ये रात्रीचा पारा उणे १५ ते उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत सहज उतरतो. द्रास आणि काझा येथे तो त्याहीपेक्षा खाली जातो. अशा रात्रीनंतरच्या सकाळी चालक किल्ली फिरवतो, तेव्हा नेहमीचा घरघराट ऐकू येत नाही. स्टार्टर एक-दोनदा कण्हतो, डॅशबोर्डवरील दिवे मंदावतात आणि सारे शांत होते. आदल्या संध्याकाळपर्यंत विनातक्रार चाललेली गाडी रात्रभरात निकामी कशी झाली, असा प्रश्न मैदानी मुलखातून आलेल्या चालकाला पडतो.

वास्तविक गाडीत कोणताही बिघाड झालेला नसतो. थंडीने एकाच वेळी बॅटरी, वंगण, इंधन आणि पाणी अशा चार ठिकाणी गाडीची कोंडी केलेली असते. यांपैकी एकाची अडचण गाडी सोसू शकते. चारही एकत्र आल्या की गाडी हलत नाही.

मुंबई-पुण्याहून स्वतःच्या गाडीने हिमालय गाठणारे पर्यटक आता नवलाचे राहिलेले नाहीत. मनाली-लेह मार्ग ऐन हिवाळ्यात बंद असला, तरी किन्नौरमार्गे स्पिती खोऱ्यातील काझापर्यंतचा रस्ता बर्फवृष्टीचे दिवस वगळता सुरू असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलमध्येही हिवाळ्यात जाता येऊ लागले आहे. ज्या गाडीने कधी दहा अंशांखालचे तापमान पाहिलेले नाही, ती गाडी दोन-तीन दिवसांच्या प्रवासात उणे वीस अंशांत जाऊन उभी राहते. अशा वेळी तंत्राची माहिती असणे केवळ सोयीचे राहत नाही; ती सुरक्षिततेची बाब ठरते.

बॅटरीचे बळ निम्मे

इंजिन सुरू करण्याचे काम स्टार्टर मोटर करते आणि तिला वीज बॅटरी पुरवते. लहान मोटारीच्या स्टार्टरलाही त्या काही सेकंदांत शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. डिझेल गाडीला त्याहून कितीतरी जास्त. बॅटरीतील ही वीज शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल यांच्यातील रासायनिक क्रियेतून निर्माण होते. कोणतीही रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, आणि बॅटरीही या नियमाला अपवाद नाही. उणे १८ अंशांच्या सुमारास उत्तम स्थितीतील बॅटरीही आपल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच शक्ती देऊ शकते.

बॅटरीवर छापलेल्या ‘सीसीए’ या अक्षरांचा अर्थ येथे कळतो. उणे १८ अंश तापमानात बॅटरी सलग ३० सेकंद, व्होल्टेज ७.२च्या खाली न जाऊ देता, किती अँपिअर प्रवाह देऊ शकते, हे तो आकडा सांगतो. महाराष्ट्रात बॅटरी घेताना या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. थंड प्रदेशात मात्र ग्राहक प्रथम तोच पाहतो.

बॅटरीचे आयुष्य कमी करण्याचे काम प्रामुख्याने उष्णता करते, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. विदर्भातील किंवा मराठवाड्यातील दोन-तीन कडक उन्हाळे सोसलेल्या बॅटरीतील पट्ट्या झिजलेल्या असतात. उष्ण हवेत तिच्यावर फारसा भार पडत नसल्याने तो दोष झाकलेला राहतो आणि पहिल्या कडक थंडीत उघडा पडतो.

आणखी एक धोका अर्धवट उतरलेल्या बॅटरीचा. पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल उणे ६० अंशांच्या आसपासही गोठत नाही. बॅटरी उतरत जाते तसतसे त्या द्रावणातील आम्ल कमी होऊन पाण्याचे प्रमाण वाढते. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ८ ते १० अंशांतच गोठू शकते. गोठताना पाणी प्रसरण पावते आणि बॅटरीचे कवच तडकते. रात्री चुकून दिवा चालू राहणे पुण्यात केवळ मनस्तापाचे असते. काझामध्ये त्यामुळे बॅटरी कायमची जाऊ शकते.

वंगण मधासारखे घट्ट

बॅटरीचे बळ घटलेले असतानाच तिच्यावरील ओझे वाढते. इंजिनातील तेल थंडीत घट्ट होते. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली थिजते, हा प्रत्येक मराठी घरातील अनुभव आहे. इंजिनाचे वंगण खोबरेलासारखे पांढरे गोठत नसले, तरी ते मधासारखे किंवा काकवीसारखे दाट होते. दट्ट्ये आणि भुजादंड यांना अशा दाट तेलातून फिरवायचे म्हणजे स्टार्टरला दुप्पट किंवा त्याहूनही अधिक जोर लावावा लागतो.

तेलाच्या डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५डब्ल्यू-४०’ या आकड्यांचे मर्म यातच आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘विंटर’, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक पातळ राहते. अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ या संस्थेच्या मानकानुसार शून्य डब्ल्यू तेलाची थंडीतील चाचणी उणे ३५ अंशांत, ५ डब्ल्यूची उणे ३०, १० डब्ल्यूची उणे २५, १५ डब्ल्यूची उणे २० आणि २० डब्ल्यूची उणे १५ अंशांत घेतली जाते. म्हणजेच जुन्या गाड्यांत सर्रास वापरले जाणारे २०डब्ल्यू-५० तेल घेऊन उणे वीस अंशांच्या प्रदेशात जाणे धाडसाचे आहे.

यात केवळ गाडी सुरू होण्याचा प्रश्न नाही. घट्ट तेल पंपातून वर चढून इंजिनाच्या माथ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोवर धातूचे भाग पुरेशा वंगणाविना एकमेकांवर घासतात. म्हणूनच थंड इंजिन सुरू होताच ॲक्सिलरेटर जोरात दाबून ‘रेस’ करणे ही अत्यंत चुकीची सवय आहे.

‘चोक’चे शास्त्र

पेट्रोल जळते ते द्रवरूपात नव्हे, तर वाफेच्या रूपात. उष्ण हवेत पेट्रोलची वाफ लगेच होते. थंडीत त्याचा बराचसा भाग थेंबांच्या रूपात नळीच्या आणि सिलिंडरच्या थंड भिंतींवर चिकटून राहतो. हवेत मिसळलेली वाफ इतकी विरळ असते, की ठिणगी पडूनही ती पेट घेत नाही.

यावर जुना उपाय म्हणजे चोक. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि सुरुवातीची मारुती ८०० चालवलेल्यांना डॅशबोर्डजवळची ती खुंटी आठवत असेल. ती ओढली की कार्बोरेटरमध्ये जाणारी हवा कमी होई आणि पेट्रोलचे प्रमाण वाढे. दहा भागांतील एकाच भागाची वाफ होणार असेल, तर पेट्रोलच अधिक सोडायचे, असा हा सरळ हिशेब होता. मात्र चोक जास्त वेळ ओढून ठेवला वा पॅडल वारंवार दाबले, तर स्पार्क प्लग पेट्रोलने भिजत आणि इंजिन ‘ओव्हरफ्लो’ होई.

आजच्या गाड्यांत ही खुंटी नाही. पण चोकचे तत्त्व कायम आहे. इंजिनातील पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर गाडीच्या संगणकाला माहिती देतो आणि संगणक त्यानुसार इंजेक्टरमधून जादा पेट्रोल सोडतो. थंड इंजिन सुरुवातीला थोड्या वरच्या गतीने फिरते, ते यामुळेच. म्हणून अशा गाडीत किल्ली फिरवण्यापूर्वी ॲक्सिलरेटरचे पॅडल पुन्हा पुन्हा दाबण्यात काहीच अर्थ नाही. हा उपाय कार्बोरेटरबरोबरच इतिहासजमा झाला आहे.

डिझेलचे मेण

थंडीचा सर्वाधिक जाच होतो तो डिझेल गाड्यांना. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला १६ ते १८ पट दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. मुळात आत येणारी हवाच ५० अंशांनी अधिक थंड असेल, तर दाबाअखेरीस हा फरक सव्वाशे ते दीडशे अंशांपर्यंत वाढतो. त्यात स्टार्टर हळू फिरत असल्याने निर्माण झालेली उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. दाबायला हवाच कमी मिळाल्याने निर्माण होणारी उष्णताही कमी भरते.

यासाठी डिझेल इंजिनात ‘ग्लो प्लग’ असतात. पेन्सिलीएवढ्या या कांड्या विजेने लालबुंद होऊन आतील हवा तापवतात. किल्ली अर्धी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबून मगच स्टार्टर फिरवावा, असा संकेत आहे. महाराष्ट्राच्या हवेत तो दिवा क्षणात विझतो. त्यामुळे चालकांना थांबण्याची सवयच नसते. उणे तापमानात हे काही सेकंद निर्णायक ठरतात.

याहून कठीण प्रश्न आहे तो खुद्द डिझेलचा. डिझेलमध्ये पॅराफिन वर्गातील मेणासारखे घटक असतात. तापमान उतरू लागले की त्यांचे बारीक स्फटिक तयार होतात आणि डिझेल गढूळ दिसू लागते. आणखी थंडी वाढली की हे स्फटिक फिल्टरच्या जाळीत अडकून ती बंद करतात. टाकीत डिझेल भरपूर, पण इंजिनापर्यंत थेंबही पोहोचत नाही, अशी अवस्था होते. शेवटी संपूर्ण डिझेलच साय धरल्यासारखे घट्ट होते.

ज्या तापमानाला फिल्टर तुंबतो, ते मोजण्याची प्रमाणित चाचणी आहे. भारतीय मानकानुसार सर्वसाधारण डिझेलसाठी ही मर्यादा उन्हाळ्यात १८ अंश, तर हिवाळ्यात ६ अंश आहे. प्रत्यक्ष पंपावर मिळणारे डिझेल यापेक्षा चांगले असू शकते. मात्र उणे वीस अंशांत ते वाहील, अशी हमी हे मानक देत नाही. उष्ण प्रदेशासाठी ही मर्यादा योग्यच आहे. पण मुंबई वा नाशिकमध्ये टाकी काठोकाठ भरून निघालेल्या आणि वाटेत चंडीगडला पुन्हा ती भरून थेट डोंगर चढलेल्या गाडीत हेच डिझेल असते, हे विसरून चालत नाही.

शेकोटी, रॉकेल आणि नवे डिझेल

लडाख आणि स्पितीतील चालकांनी यावर पिढ्यानपिढ्या आपले उपाय शोधले. ट्रकच्या तेलाच्या तळपात्राखाली किंवा डिझेलच्या टाकीखाली शेगडी वा स्टोव्ह पेटवणे, रात्री दर काही तासांनी उठून इंजिन चालवणे, बॅटरी काढून उबदार खोलीत नेऊन ठेवणे, डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे हे ते उपाय. यांतील बॅटरी घरात नेण्याचा उपाय शास्त्रशुद्ध आणि निर्धोक आहे. टाकीखालच्या आगीबद्दल वेगळे सांगायला नको. रॉकेलमुळे डिझेल पातळ राहते, हे खरे. पण रॉकेलात डिझेलसारखा वंगणाचा गुण नसतो. आधुनिक डिझेल गाड्यांतील अतिउच्च दाबाचे पंप आणि इंजेक्टर यांना वंगण डिझेलच पुरवते. त्यांची झीज झाली, तर दुरुस्तीचा खर्च पर्यटनाच्या एकूण खर्चाला मागे टाकतो. शिवाय वाहनाच्या इंधनात रॉकेल मिसळणे ही कायद्याच्या दृष्टीने भेसळच आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल बाजारात आणले. कंपनीच्या पानिपत येथील शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. लडाखबरोबरच काझा आणि केलाँग यांसारख्या अतिथंड भागांतील वाहनांची अडचण दूर करणे, हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे डोंगरात जाणाऱ्या डिझेल गाडीच्या चालकाने मैदानी भागात टाकी पूर्ण भरण्याऐवजी गरजेपुरतेच डिझेल घ्यावे आणि वर पोहोचल्यावर स्थानिक पंपावर हिवाळी डिझेलची चौकशी करून टाकी भरावी, हे शहाणपणाचे. मात्र नुसते टाकीत भरून भागत नाही. जुने डिझेल नळ्यांत आणि फिल्टरमध्ये शिल्लक असते. नवे डिझेल तेथवर पोहोचावे, यासाठी मुक्कामी थांबण्यापूर्वी काही किलोमीटर गाडी चालवणे आवश्यक आहे.

रेडिएटरमध्ये नळाचे पाणी?

महाराष्ट्रात रेडिएटरमधील पातळी उतरली, की नळाचे पाणी ओतण्याची पद्धत अद्याप दिसते. येथील हवेत त्याने गंज चढतो, एवढेच. गोठणबिंदूखाली मात्र हेच पाणी इंजिनाच्या मुळावर येते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि त्या दाबाने रेडिएटरच नव्हे, तर इंजिनाचा ओतीव ठोकळाही तडकू शकतो.

कूलंटमधील इथिलिन ग्लायकॉल हा द्रव यापासून संरक्षण देतो. गंमत म्हणजे शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. त्यात निम्मे पाणी मिसळले, की मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे ‘जितके जास्त कूलंट तितके चांगले’ हा समजही चुकीचाच. अनेकदा पाणी घालून विरळ झालेल्या कूलंटची तपासणी साध्या हायड्रोमीटरने गॅरेजमध्ये पाच मिनिटांत होते. काच पुसण्यासाठीच्या बाटलीतील पाणीही असेच गोठते आणि छोटा पंप निकामी करते, हेही ध्यानात ठेवावे.

थंड देशांचे धडे

मोटारीचा इतिहास आणि थंडीशी तिचे झगडे बरोबरीनेच चालत आले आहेत. १९११ मध्ये अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसवला गेला. त्यापूर्वी पुढून हँडल मारूनच इंजिन फिरवावे लागे. गोठलेल्या तेलात हँडल फिरवणे कष्टाचे होतेच. शिवाय इंजिनाने उलटा झटका दिल्यास मनगट मोडे.

१९४१ च्या डिसेंबरात मॉस्कोच्या वेशीवर पोहोचलेल्या जर्मन सैन्याला या प्रश्नाची किंमत मोजावी लागली. रणगाडे आणि ट्रक यांची इंजिने गारठून बंद पडली. ती सुरू व्हावीत म्हणून सैनिक त्यांच्याखाली आगी पेटवत आणि इंधनाची टंचाई असतानाही इंजिने चालू ठेवत.

कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील राज्यांनी मात्र यावर साधा तोडगा काढला. नॉर्थ डाकोटातील अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४० च्या दशकात इंजिन विजेवर गरम ठेवणारा हीटर बनवला आणि १९४९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आजचा ‘ब्लॉक हीटर’ हा याच कल्पनेचा विस्तार. पाणी तापवण्याच्या कॉइलप्रमाणेच तो इंजिनातील कूलंट गरम ठेवतो. त्याची वायर गाडीच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असते. विनिपेग किंवा एडमंटन येथील वाहनतळांवर प्रत्येक गाडीसमोर विजेचे प्लग दिसतात, ते यासाठीच. हा हीटर रात्रभर चालू ठेवण्याची गरज नसते. निघण्यापूर्वी दोन ते चार तास पुरतात.

सायबेरियातील याकुत्स्क येथे जानेवारीचे सरासरी तापमानच उणे ३५ अंशांच्या खाली असते. तेथे गाड्या गरम गॅरेजमध्ये ठेवतात. ती सोय नसलेले चालक इंजिनावर जाड दुलई पांघरतात, किंवा ठराविक वेळाने आपोआप इंजिन सुरू करणारे यंत्र बसवतात. बाजारहाट करताना कित्येक जण गाडी चालूच ठेवतात. कारण एकदा बंद झालेली गाडी पुन्हा सुरू होईल, याची शाश्वती नसते.

इथेनॉलचा पेच

थंडीत गाडी सुरू होण्याच्या प्रश्नाला आता महाराष्ट्राच्या दृष्टीने एक नवा पदर जोडला गेला आहे. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण देशात २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलची वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. शुद्ध इथेनॉलच्या वाफा १३ अंशांखाली पेट घेण्याइतक्या तयारच होत नाहीत. २० टक्के मिश्रणात पेट्रोलमधील हलके घटक वाफेचे काम निभावतात. त्यामुळे येथील हवामानात सुरुवातीचा फारसा त्रास संभवत नाही. मात्र शंभर टक्के इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांचा विचार करताना हा आकडा महत्त्वाचा ठरतो. हिवाळ्यात नाशिक, निफाड, पुणे आणि गोंदिया येथील पहाटेचा पारा १३ अंशांच्या कितीतरी खाली जातो.

इथेनॉलचा वापर दशकानुदशके करणाऱ्या ब्राझीलने हा प्रश्न सोडवला आहे. तेथील गाड्यांत केवळ थंड सकाळी इंजिन सुरू करण्यासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असे. पुढे इंजेक्टरमध्येच इंधन तापवण्याचे तंत्र आले आणि या टाकीची गरज कमी झाली. स्वीडनमध्ये ८५ टक्के इथेनॉल म्हणून विकल्या जाणाऱ्या इंधनात हिवाळ्यापुरते पेट्रोलचे प्रमाण वाढवले जाते.

विजेवरील गाडीही अपवाद नाही

विजेवरील मोटारीत वंगण घट्ट होण्याचा किंवा डिझेल गोठण्याचा प्रश्न नाही. थंडीत ती निमूट सुरू होते. नॉर्वेसारख्या थंड देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेवरील होत्या, हे पुरेसे बोलके आहे. पण थंडी तिच्याकडूनही वसुली करते, ती अंतराच्या रूपाने. इंजिनाची वाया जाणारी उष्णता नसल्याने प्रवाशांना ऊब देण्यासाठी बॅटरीतीलच वीज खर्च होते. ‘एएए’ या अमेरिकी वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत उणे ७ अंशांच्या आसपास हीटर चालू ठेवल्यास गाडीचा पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. थंड लिथियम बॅटरी वेगाने भारितही होत नाही. प्लग जोडलेला असतानाच गाडी आणि बॅटरी गरम करून घेणे, हा त्यावरील उपाय. या गाड्यांतही दिवे, कुलूप आणि संगणक यांच्यासाठी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती उतरली तर गाडी जागची हलत नाही.

धूर दिसत नाही, जीव जातो

गाडी सुरू झाली म्हणजे धोका टळला असे नव्हे. थंडीपासून बचावासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे किंवा बर्फात अडकलेल्या गाडीत काचा लावून हीटर चालवत बसणे प्राणघातक ठरू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले, तर हा वायू गाडीत शिरतो आणि आत बसलेल्यांना गुंगी येते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून अधिक जणांचा बळी गेला. त्यांतील अनेकांच्या मृत्यूमागे हाच वायू असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. बर्फात अडकल्यास सायलेन्सरभोवतीचा बर्फ वारंवार काढावा, इंजिन तासातून थोडाच वेळ चालवावे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच किंचित उघडी ठेवावी.

गाडी गरम होण्यासाठी अर्धा-अर्धा तास जागेवर चालू ठेवण्याचीही गरज नाही. आधुनिक गाडीला सामान्य थंडीत अर्धा ते एक मिनिट आणि कडाक्याच्या थंडीत काही मिनिटे पुरतात. त्यानंतर पहिले काही किलोमीटर सावकाश, कमी वेगाने चालवल्यास इंजिन लवकर आणि एकसारखे तापते. जागेवर चालणाऱ्या इंजिनात अर्धवट जळालेले इंधन वंगणात उतरते आणि त्याचा कस कमी करते.

थंडीत गाडी सुरू होणे हे सकाळच्या नशिबावर नव्हे, तर आदल्या तयारीवर अवलंबून असते. योग्य तेल, भक्कम बॅटरी, योग्य प्रमाणातील कूलंट आणि त्या प्रदेशाचे इंधन एवढी सिद्धता असेल, तर उणे वीस अंशांतही किल्लीच्या एका फेऱ्यात इंजिन बोलू लागते.

निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

* बॅटरी तीन वर्षांहून जुनी असल्यास तिची भार-चाचणी करून घ्यावी. टर्मिनलवरील पांढरा क्षार साफ करावा.

* उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असलेल्या तेलांपैकी ‘डब्ल्यू’आधी सर्वांत लहान आकडा असलेले तेल निवडावे.

* कूलंटचा गोठणबिंदू तपासावा. त्यात नळाचे पाणी घालू नये.

* मुक्कामी गाडी शक्यतो भिंतीच्या आडोशाला, वाऱ्याला पाठ करून लावावी. हँडब्रेक गोठून अडकू शकतो. म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

* सकाळी दिवे, हीटर, पंखा आणि रेडिओ बंद करून, क्लच पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये. दोन प्रयत्नांत किमान एक मिनिट थांबावे.

* दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना प्रथम लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला जोडावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. बॅटरीजवळ ज्वालाग्राही हायड्रोजन वायू असतो. तेथे ठिणगी पडता कामा नये.

* बॅटरी फुगलेली वा गोठलेली दिसल्यास असा प्रयोग मुळीच करू नये.

* धक्का देऊन गाडी सुरू करण्याचा उपाय ऑटोमॅटिक गाड्यांत चालत नाही. इतर आधुनिक गाड्यांतही न जळलेले इंधन धुरावाटे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. शेवटचा उपाय म्हणूनच तो करावा.

* गाडीत ब्लँकेट, पाणी, कोरडे खाद्यपदार्थ, टॉर्च आणि छोटे फावडे ठेवावे. गाडी सुरू झालीच नाही, तर रात्र याच सामानावर काढावी लागते.